मुलगा सेट आहे

(पात्रे : वधूपिता, म्हणजे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, त्यांची सिव्हिल इंजिनिअर मुलगी, आणि मध्यस्थ. मध्यस्थांच्या हातात पोह्यांची बशी.)

मध्यस्थ : सर, डोळे झाकून हो म्हणा. मुलगा एकदम सेट आहे.

वधूपिता : कोणत्या अर्थाने?

मध्यस्थ : आता यात अर्थ कसला? सेट म्हणजे सेट!

वधूपिता : असं कसं? १९८९च्या ऑक्सफर्ड कोशात या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. नोंदच साठ हजार शब्दांची. त्यातला तुमचा कितवा?

मध्यस्थ : अहो, मी स्थळ घेऊन आलोय, परीक्षेला नाही बसलो.

वधूपिता : बरी आठवण केलीत. प्राध्यापक व्हायला लागते ती सेट पास आहे का?

मध्यस्थ : छे छे, इतका शिकलेला नाही. म्हणजे... लागेल तेवढा शिकलाय.

वधूपिता : मग सूर्यासारखा सेट? इंग्रजीत सूर्य सेट झाला की मावळला.

मध्यस्थ : शुभ बोला हो, सर!

मुलगी : काका, सिमेंटसारखा सेट असेल तर बोला.

मध्यस्थ : बघा, ताईंना बरोब्बर कळलं! सिमेंटसारखा पक्का.

मुलगी : सेट होणं वेगळं, पक्कं होणं वेगळं. साधं सिमेंट अर्ध्या तासाच्या आत आवळायला लागलं तर नापास. दहा तासांत पुरतं सेट झालं नाही, तरी नापास. आणि ताकद बघायची ती २८ दिवसांनी. मुलाचं वय काय?

मध्यस्थ : चौतिसावं चालू आहे.

मुलगी : आणि सेट कधी झाला?

मध्यस्थ : होतोय की! (पोह्यांचा मोठा घास घेत) शिवाय टेनिस खेळतो. रोज दोन सेट!

वधूपिता : त्या सेटचा काही भरवसा नाही. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा एकच सेट ८ तास ११ मिनिटं चालला. ७०-६८!

मध्यस्थ : त्यात काय? आमच्याकडे याद्यांची बैठक याहून लांबते. ते जाऊ द्या, गोत्र सांगा.

वधूपिता : सेटचं? दोन आहेत.

मध्यस्थ : अं?

वधूपिता : ठेवणे, बसवणे या अर्थाचा सेट जुन्या इंग्रजी घराण्यातला. कपबश्यांचा सेट फ्रेंचांकडून आलेला. त्याचं मूळ लॅटिन, पंथ या अर्थाच्या शब्दात. पुढे दोघं एकाच नावाने नांदू लागले.

मध्यस्थ : आडनाव एक आणि गोत्रं वेगळी? मग त्यांचं जमतं की! पत्रिका आणा, उरकून टाकू.

मुलगी : काका, मुलगा करतो काय ते सांगा ना.

मध्यस्थ : हे बघा, वडिलांचे दोन फ्लॅट आहेत. आजोबांची बागायत आहे. मामांची टायरची एजन्सी आहे.

मुलगी : आणि तो?

मध्यस्थ : तेच तर मघापासून सांगतोय. तो सेट आहे!

वधूपिता : (खिशातून पेन काढत) सापडला! चारशे एकतिसावा.

मध्यस्थ : बरं, ताई काय करतात म्हणून सांगू तिकडे?

मुलगी : स्वतःची फर्म रन करते म्हणावं. सात माणसं आहेत हाताखाली.

मध्यस्थ : रन करते... हे छान वाटतं कानाला. याला तरी एकच अर्थ असेल?

वधूपिता : कोशाची नवी आवृत्ती तयार होतेय, तिच्यात २०११ साली रनने सेटला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ!

मध्यस्थ : (वहीत आकडे मांडत) मुलगा ४३०... मुलगी ६४५... अवघड आहे, सर.

वधूपिता : का?

मध्यस्थ : त्यांची पहिली अटच ती. मुलगी मुलापेक्षा वरचढ नको.

मुलगी : मग राहिलं तर!

मध्यस्थ : राहतंय कसलं! तुम्ही पत्रिका द्या. तिथे कितीही केलं तरी ३६च्या वर कुणी जात नाही.