एवढं लांब नाव हवंच

बारावीच्या वर्गात फळ्यावर टेट्राअमाईनअ‍ॅक्वाक्लोरिडोकोबाल्ट क्लोराइड उमटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकते. हसणाऱ्यांचं काही चुकत नाही. धातूला चिकटलेले लिगँड इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने मांडायचे, पण क्रम लावताना डाय, ट्राय, टेट्रा यांच्याकडे पाहायचंही नाही. सूत्रात धातू आधी, नावात तो लिगँडांच्या मागे. आयनावर ऋणभार आला की लोखंडाचं फेरेट, तांब्याचं क्युप्रेट, शिशाचं प्लंबेट. पाऱ्याने मात्र लॅटिन घराकडे न वळता मर्क्युरेट व्हायचं. व्यवहारी माणूस या फंदात पडला नसता. मी या वेडाच्या बाजूने आहे, आणि मनापासून आहे.

व्यवहारी नावं एकोणिसाव्या शतकात होती. कोबाल्ट आणि अमोनियाचं पिवळं संयुग ते ल्युटिओ, जांभळट ते पर्प्युरिओ, हिरवं ते प्रासिओ. सुटसुटीत आणि कानाला गोड. पुढे पर्प्युरिओसारखीच घडण असलेलं ऱ्होडियमचं संयुग हाती आलं. ते निघालं पिवळं. तरी कोबाल्टच्या संयुगाशी नातं दाखवायला नाव दिलं पर्प्युरिओच! दुसरी रीत माणसाच्या नावाची: मॅग्नसचं मीठ, झाइझचं मीठ, रायनेकेचं मीठ. त्यातून माणूस कळतो. पदार्थाचा पत्ता लागत नाही.

१८९३ मध्ये झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने मध्ये धातू आणि त्याच्याभोवती ठरावीक दिशांना लिगँड असं चित्र मांडलं. १९१३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. नावं बांधण्याची पद्धतही त्यानेच घालून दिली. पुढे आल्फ्रेड स्टॉकने धातूची ऑक्सिडेशन अवस्था रोमन अंकांत लिहायला शिकवलं. तेव्हापासून ज्याने ते संयुग कधी पाहिलंही नाही, तो नुसतं नाव वाचून त्याचं सूत्र लिहू शकतो. यासाठी जिभेला थोडा व्यायाम पडला तर पडू दे.

२००५ साली क्लोरोचं क्लोरिडो झालं, सायनोचं सायनिडो. शिक्षक वैतागले. पण आधी सल्फेटचं सल्फॅटो नियमाने होई आणि क्लोराइडचं क्लोरो अपवाद म्हणून. तो अपवाद गेला. पाठांतर मोडलं, नियम सरळ झाला. हा सौदा मला पटतो.

सगळ्यात पटतं ते नावाच्या तोंडाशी बसणारं ‘सिस’. १८४० च्या दशकात मिकेले पेरोनेने प्लॅटिनमचं एक संयुग बनवलं आणि ते पेरोनेचं मीठ म्हणून शतकाहून अधिक काळ राहिलं. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्गला जीवाणूंवरच्या प्रयोगात प्लॅटिनमच्या संयुगांचा प्रभाव दिसला. त्यातून पेरोनेचंच मीठ सिसप्लॅटिन म्हणून पुढे आलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरचं औषध म्हणून मंजूर झालं. त्यात दोन क्लोरीन शेजारी असतात. तेच समोरासमोर ठेवले तर ट्रान्स. अणू तेच, संख्या तीच, पण ते औषध म्हणून निरुपयोगी. पेरोनेच्या नावात हा फरक कुठेच नव्हता. परीक्षेत ‘सिस’ लिहायचं राहिलं की गुण कापतात. कापलेच पाहिजेत.