प्रोजेक्टवाले सर

पनवेलमध्ये कॉम्प्युटर क्लासना तोटा नाही. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरीच्या जाहिरातींत तिचं नाव झळकू लागलं आणि गल्लोगल्ली पाट्या लागल्या. आमचे प्रोजेक्टवाले सर मात्र या पाट्यांखालून स्कूटर हाकत एका वेळी एकाच विद्यार्थ्याच्या घरी जातात. पुस्तक नाही, नोट्स नाहीत, पोर्शन नाही. चहा यायच्या आत एकच प्रश्न : "बोला, काय बनवायचं?"

या प्रश्नाने पोरं खुलतात आणि आया धास्तावतात.

सरांचं दैवत म्हणजे सेमूर पॅपर्ट. मुलांनी काही तरी घडवता घडवता शिकावं असं मानणाऱ्या या गृहस्थांनी सहकाऱ्यांसह १९६७ साली लोगो ही भाषा तयार केली. त्याच वाटेने मिचेल रेझनिक आणि त्यांच्या मंडळींनी २००७ साली एमआयटीतून स्क्रॅच आणली. गवई उस्तादाचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, तसा सर 'पॅपर्ट' म्हणताना लावतात. मुलांना वाटतं, सरांचा कान दुखतोय.

नियम एकच : माऊसला गुरूचा हात लागता कामा नये. म्हणून शिकवताना सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. पोरगं 'सेव्ह' सोडून अख्खा मेनू धुंडाळत असतं, आजोबा स्क्रीनवरचा बाण गेला कुठे म्हणून चष्मा पुसत असतात, आणि सरांच्या पाठीमागे उजवा हात डाव्याशी झटापट करत असतो. डावा आजवर हरलेला नाही.

खांदा कॉलनीतल्या एका सातवीतल्या मुलाने सांगितलं, "लोकल बनवायची." झालं! स्क्रॅचमधलं नारिंगी मांजर मोटरमन झालं. गाडी पनवेलहून सुटली, खांदेश्वरला थांबली, मानसरोवरला थांबली आणि खारघर, बेलापूर गाळून थेट सीवूड्सला लागली. हार्बरला फास्ट लोकल नाही, ही तक्रार निदान त्या स्क्रीनवर तरी मिटली.

दुसरे कुणी असते तर चूक दाखवून मोकळे झाले असते. सरांनी विचारलं, "खारघरला उतरणारे काय म्हणत असतील?"

"शिव्या देत असतील."

"मग त्यांचं काही तरी बघ."

पोराने कोड वरपासून वाचला. दोन स्टेशनांवर 'वेट' टाकायचाच राहिला होता. तो टाकला. मग प्रत्येक स्टेशनासाठी तेच तेच लिहायचा कंटाळा आला, तेव्हा 'रिपीट' सापडला. मूल कंटाळल्याशिवाय सर त्याला लूप शिकवत नाहीत.

महिना संपला तशा ताई, म्हणजे या मुलाची आई, दारात उभ्या. "सर, शेजारचा एक्सेलपर्यंत गेला. आपला पोर्शन कुठवर आलाय?"

"जुईनगरपर्यंत," सर म्हणाले.

एक्सेल सर जुन्या पनवेलमधल्या आबांना शिकवत होते. आबांचा प्रोजेक्ट घरच्या गणपतीचा हिशेब. सहा भाऊ, सहा कॉलम. पण विमानतळासाठी जमीन गेली, मोबदल्यावरून धाकट्याशी बिनसलं, आणि एक दिवस आबांनी स्वतः शोधून त्याचा कॉलम 'हाइड' केला. सरांनी पाठीमागच्या पाठीमागे टाळी वाजवली. विद्यार्थी आपणहून काही शिकला होता!

पुढल्या आठवड्यात आबा तणतणत होते. दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज त्यांनी बोटांवर करून पाहिली होती. एक्सेलची जास्त भरत होती.

"मशीन खोटं बोलतंय."

"नाही आबा. लपवलेला कॉलमही बेरजेत धरतात."

"म्हणजे तो दिसत नाही, तरी हिशेबात आहेच?"

"डिलीट केलं नाहीत ना तुम्ही."

आबा बराच वेळ डिलीटच्या बटणाकडे बघत राहिले. सरांचे हात पाठीमागे घट्ट. शेवटी आबांनी विचारलं, "परत कसा आणायचा?" सर म्हणाले, "शोधा." आबांना तो सापडला. त्या वर्षी आरतीला सहाच्या सहा होते. एक्सेल कशासाठी शिकावं, याचं इतकं चांगलं कारण कुठल्याच पोर्शनमध्ये नसेल.

इकडे ताईंनी शेवटची मागणी केली. "निदान सर्टिफिकेट तरी द्या हो."

"तोच पुढचा प्रोजेक्ट," सर म्हणाले.

पोराने चार दिवस खपून ते बनवलं. भोवती सोनेरी किनार, कोपऱ्यात कर्नाळ्याचा सुळका, मध्ये ठळक अक्षरांत : 'या विद्यार्थ्याने पनवेल ते सीएसएमटी लोकल सर्व स्टेशनांवर थांबवून चालवली आहे.' सहीच्या जागी मोटरमनचा पंजा.

ताईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "यावर मार्क कुठायत?"

"गाडी वेळेवर पोचली, ताई," सर म्हणाले. "हार्बरला याहून जास्त मार्क पडत नाहीत."