परकायाप्रवेश

आमच्या आळीतील गणेशोत्सव मंडळाचे खजिनदारपद माझ्याकडे आले ते माझ्या अंगच्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर माझ्या घरात जिन्याखाली असलेल्या एका अंधाऱ्या खोलीमुळे, हे मी प्रारंभीच कबूल करून टाकतो. वर्षातील साडेअकरा महिने मंडळाची मालमत्ता ठेवण्यास आळीत दुसरी जागा नव्हती. आणि ज्याच्या जिन्याखाली माल त्याच्याच दफ्तरी जमाखर्च, हे तत्त्व कार्यकारिणीने एकमताने, म्हणजे मी गैरहजर असताना, मंजूर केले. मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मला नोंदवहीचे वावडे नव्हते. तेव्हा सतरंज्या, समया, पत्र्याचे चार भोंगे आणि माझ्या छातीपर्यंत उंचीचे दोन काळे ध्वनिक्षेपक, ज्यांना मुले नुसते ‘बॉक्स’ म्हणतात, यांची बिनचूक यादी करून मी खोलीला कुलूप घातले आणि किल्ली देवघराच्या कोनाड्यात ठेवली. या बंदोबस्ताला आजवर फक्त उंदरांनी हरकत घेतली होती. गेल्या जून महिन्यात भाच्याने घेतली.

भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि विजेवरची गिटार वाजवतो. यांपैकी मुख्य व्यवसाय कोणता आणि जोडधंदा कोणता, याविषयी त्याचे व त्याच्या आईचे अद्याप मतैक्य झालेले नाही. एके दिवशी तो रिक्षातून एक जड पेटी उतरवून घामाघूम होत ओसरीवर आला आणि म्हणाला, “मामा, हेड मिळालं! जुनं आहे, पण व्हॉल्व्हचं.”

“हेड म्हणजे डोकं. कुणाचं?”

“अँपचं.”

“आणि बाकीचा देह?”

“कॅबिनेट त्यानं आधीच विकलं. चार बारा-इंची स्पीकरचं होतं, पस्तीस-चाळीस किलोचं. मला परवडलंही नसतं.” एवढे बोलून त्याने जिन्याकडे अशा दृष्टीने पाहिले की त्या दृष्टीचा अन्वयार्थ लावण्यास कचेरीतील अनुभवाची गरज नव्हती. “मामा, गणपतीचे ते बॉक्स वर्षभर नुसतेच पडून असतात ना?”

मी नियमांचा आधार घेऊन नकार देणार होतो. परंतु ज्या दैवताच्या नावाने मी दरवर्षी घरोघर पावत्या फाडतो, त्याचेच मस्तक एकाचे आणि धड दुसऱ्याचे असताना, डोके एकीकडचे व देह दुसरीकडचा हा संयोग अनुचित आहे, असे मंडळाच्या खजिनदाराने म्हणावे तरी कोणत्या तोंडाने? मी दोन्ही बॉक्स तसलमातीखाली भाच्याच्या नावे टाकले, त्याची सही घेतली आणि कुलूप उघडले.

व्हॉल्व्ह आमच्या पिढीला परके नाहीत. रेडिओ लावल्यावर तो ऊब धरीपर्यंत सारे कुटुंब त्याच्यापुढे हात जोडल्यासारखे बसे, ते दिवस मला आठवतात. पण या नळ्यांचा एक स्वभाव मला ठाऊक नव्हता, तो भाच्याने सांगितला. ध्वनिक्षेपक न जोडता असला ध्वनिवर्धक चालू करून वाजवणे म्हणजे त्याचा घात करणे होय. कारण नळ्यांनी निर्माण केलेल्या शक्तीला बाहेर पडण्यास वाट न मिळाल्याने आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब भलताच चढतो आणि त्याचे वेटोळे जळून जाऊ शकते. हे ऐकून मला आश्चर्य वाटले नाही. ज्याच्या टेबलावर एकही फाईल नाही असा तापट साहेब दुपारपर्यंत काय करून घेतो, हे मी तीन तालुक्यांत पाहिले आहे.

मात्र यापुढील प्रकरण हिशेबाचे निघाले आणि तेथे माझी व विज्ञानाची तेढ उत्पन्न झाली. बॉक्सच्या पाठीवर ‘८ ओहम’ असा शेरा होता. दोन्ही बॉक्स समांतर जोडायचे म्हणून भाच्याने डोक्यामागचे ४, ८, १६ असे आकडे असलेले बटण चारवर आणले. आठ आणि आठ मिळून चार! माझ्या हाताखालच्या कारकुनाने अशी बेरीज मांडली असती तर मी त्याची खातेनिहाय चौकशी लावली असती. परंतु गेओर्ग ओहम नावाच्या जर्मन शिक्षकाने १८२७ सालीच या व्यवहाराचा नियम छापून ठेवला असून त्याला आजवर कोणत्याही लेखापरीक्षकाने आक्षेप घेतलेला नाही, असे कळले. शेवटी मी मनाशी देवळाची कल्पना केली: एका दाराऐवजी तेवढीच दोन दारे उघडली तर गर्दीला होणारा अडथळा निम्माच होणार, आणि ओहम हे अडथळ्याचे माप आहे. तेव्हा कुठे माझी रुजवात पटली.

भाच्याच्या एका दाढीवाल्या मित्राने, आहेत तर बॉक्सऐवजी भोंगेच लावू, अशी सूचना केली. ती अमलात आली असती तर हे प्रकरण त्याच संध्याकाळी निकालात निघाले असते. आमचे भोंगे शंभर व्होल्टच्या जातीचे, म्हणजे लांबलांबच्या खांबांवर एकाच तारेने माळ ओवावी तसे जोडायचे. त्यांच्या पोटात स्वतःचा लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. तीस वॅटच्या अशा एका भोंग्याचा अडथळा भाच्याने कागदावर काढला तो ३३३ ओहम भरला. जेथे चार किंवा आठ ओहमची अपेक्षा, तेथे तीनशे तेहतीस! म्हणजे देवळाचे दार जवळजवळ बंदच. डोके वाचले. वायरीवरूनही असाच एक प्रसंग टळला, कारण गिटारपासून डोक्यापर्यंत जाणारी वायर आणि डोक्यापासून धडापर्यंत जाणारी वायर यांची टोके जुळ्या भावांसारखी असली तरी पहिली केवळ निरोप नेणारी असते आणि दुसरीला ओझे वाहायचे असते. ती जाड वायर आणण्यासाठी दोघे तपकीर गल्लीत जाऊन आले.

आणि मग रविवारी दुपारी चारच्या सुमारास परकायाप्रवेश घडला.

पहिली दहा मिनिटे, खरे सांगतो, मी थक्क झालो. भाच्याने एकेक तार सावकाश छेडली आणि तो स्वर इतका निर्मळ, इतका भरीव निघाला की आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि “हे आपल्याच गणपतीचे का?” असे विचारत्या झाल्या. मी मोठेपणाने मान हलवली. तेवढ्यात भाच्याने डोक्यावरची एक कळ फिरवली.

त्यानंतर जे निघाले त्याचे वर्णन करणे अवघड आहे. त्याच्या परिणामाची हकीकत तेवढी सांगतो. समोरच्या वाड्यातील आजी चार सुऱ्या, दोन विळ्या आणि एक अडकित्ता परडीत घालून काठी टेकीत आमच्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, “धारवाला आलाय ना? माझं आधी करून दे म्हणावं.”

भाचा खजील झाला, पण दोष त्याच्या बोटांत नव्हता. ही मंडळी स्वर मुद्दाम चुरडतात. ध्वनिवर्धकाला झेपेल त्याहून अधिक देऊन त्याला हंबरडा फोडायला लावायचा आणि त्या हंबरड्यालाच संगीत मानायचे, हा या कलेचा गाभा आहे. लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस याने तर आपल्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पात्याने चिरला, आणि त्या फाटक्या कागदाचा आवाज १९६४ साली तबकडीवर चढून जगभर गेला. आमच्या मंडळात कोणी असे केले असते तर त्याच्याकडून नुकसानभरपाई वसूल झाली असती. असो. या चुरडलेल्या स्वरातून फार वरच्या पट्टीचे, कानात टाचण्या टोचणारे असंख्य सूक्ष्म स्वर उत्पन्न होतात. आणि गिटारचा खरा ध्वनिक्षेपक ते बाहेर सांगतच नाही! सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांच्या वर त्याला फारसे काही ऐकवताच येत नाही. म्हणजे ज्याला आपण त्याचे वैगुण्य म्हणू, तेच त्याचे शहाणपण. आमचे बॉक्स पडले सार्वजनिक सभेचे: खाली पंधरा इंची शंकू, वर बारीक आवाजासाठी कर्णा, आणि जे ऐकले ते पंधरा-सोळा हजार कंपनांपर्यंत जसेच्या तसे जाहीर करायचे, हा त्यांचा धर्म.

येथे मला माझी कचेरी आठवली. आमच्याकडे दोन जातींचे कारकून असत. एक नकलनवीस: साहेबांच्या तोंडून जे निघेल ते खोकल्यासकट उतरवून घेणारा. दुसरा गोषवारा करणारा. जमाबंदीच्या दौऱ्यावर एका साहेबांनी गावकऱ्यांना अर्धा तास जे सुनावले, त्याचा जुन्या शिरस्तेदारांनी केलेला गोषवारा एका ओळीचा होता: ‘साहेबांनी रयतेस योग्य त्या सूचना दिल्या.’ तो कागद वरपर्यंत बिनबोभाट गेला. नकलनवीसाची प्रत गेली असती तर साहेबच गेले असते. गिटारचे कॅबिनेट म्हणजे तो वृद्ध शिरस्तेदार, आणि आमचे बॉक्स म्हणजे तो प्रामाणिक नकलनवीस. मोठ्या जलशांतदेखील गिटारच्या कॅबिनेटपुढे मायक्रोफोन ठेवतात आणि मगच तो आवाज सभेच्या ध्वनिक्षेपकांकडे पाठवतात, असे भाच्याने सांगितले. अर्थात आधी गोषवारा, नंतर त्याची नक्कल. कागद योग्य मार्गाने जातो.

कुळे तरी किती भिन्न! सभेच्या ध्वनिक्षेपकाचा मूळपुरुष कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी १९१५ साली लोकांपुढे आणला, त्याचे लॅटिन नाव ‘मॅग्नाव्हॉक्स’, म्हणजे महानाद. १९१९ साली सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्याच्या साहाय्याने काचेच्या खोलीत उभे राहून हजारोंच्या समुदायापुढे भाषण केले. (वक्त्याला काचेच्या खोलीत ठेवण्याची ही उत्तम प्रथा पुढे का बंद पडली न कळे.) गिटारच्या घराण्याकडे पाहावे तर तेथे वर्णसंकर पहिल्यापासूनच. अमेरिकेतील फेंडर यांनी खर्जाच्या गिटारसाठी केलेला ध्वनिवर्धक साध्या गिटारवाल्यांनी पळवला. त्याच्या धर्तीवर पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल या ड्रमवादकाच्या दुकानात १९६२ च्या सुमारास नवा घडवला गेला. आणि त्याच्यावरही झडप घातली ती गिटारवाल्यांनीच. आपल्या कामासाठी दुसऱ्याचे धड वापरणे हा या लोकांचा कुलाचार आहे. मी भाच्याला दोष देण्याचे त्या दिवसापासून सोडले.

उपाय अनेक झाले. बारीक आवाजाची कळ शून्यावर आणली. धारवाला गेला, पण गिटार सर्दी झाल्यासारखी वाजू लागली. अखेर आमच्या सौभाग्यवतींनी, कोणताही ग्रंथ न वाचता, जुन्या नऊवारीची एकेक गोधडी प्रत्येक बॉक्सच्या वरच्या कर्ण्यावर चौपदरी टाकली, आणि चमत्कार झाला. टाचण्या गोधडीत रुतल्या, गोडवा तेवढा बाहेर आला. भाचा मामीच्या पाया पडला. माझ्या कधी पडला नाही.

परंतु गोधडीने एक भलतीच गोष्ट झाली, ती आम्हा कोणाच्याच ध्यानी आली नाही. आवाज मऊ लागतो म्हणून मुलांनी बारीक आवाजाची कळ हळूहळू पुन्हा चढवत नेली. आणि गोधडीखाली तो बिचारा कर्णा रात्री दहाच्या सरकारी मुदतीपर्यंत, रोज, गुदमरून किंचाळत राहिला. बॉक्सवर दोनशे वॅट लिहिले होते आणि डोके होते पन्नासाचे, म्हणून सारे निर्धास्त. पण त्या दोनशेतला मोठा वाटा खालच्या थोरल्याचा, वरच्या धाकट्याच्या वाट्याला थोडाच. आणि पन्नास वॅट हा डोक्याचा स्वच्छ सुराचा हिशेब, स्वर चुरडू लागला की ते त्याहून बरेच अधिक देते. एकत्र कुटुंबात धाकट्याचे जे होते तेच झाले.

हे उघडकीस आले भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या संध्याकाळी. गोधड्या काढून बॉक्स मांडवात उभे केले आणि अध्यक्ष बोलावयास उठले. आमचे अध्यक्ष दरवर्षी चाळीस मिनिटे बोलतात आणि त्यांच्या सकार-शकारांनी पुढच्या रांगेतील मुले रडतात. यंदा दोन्ही कर्णे मुके. भाषणातील स्वर तेवढे ऐकू येत होते, व्यंजने पार गेली होती. ती लोकांना नंतर प्रसादाच्या ताटातच मिळाली. एकही मूल रडले नाही. समोरच्या वाड्यातील आजी अध्यक्षांना म्हणाल्या, “यंदा तुझं बोलणं फार गोड लागलं हो!” अध्यक्ष इतके संतुष्ट झाले की हेच बॉक्स, हीच मांडणी, विसर्जनापर्यंत कायम ठेवावी, असा त्यांनी तोंडी हुकूम दिला.

मी भाच्याला जिन्याखाली घेतले. “मामा,” तो खाली मान घालून म्हणाला, “लंडनला हे मुद्दाम करतात.”

विसर्जनानंतर तपकीर गल्लीतील कारागिराने कर्णे उघडून दाखवले: नखाएवढ्या जाडीचीही नव्हे अशी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी वाटोळी चकती, तिच्या कडेचे तारेचे वेटोळे काळे ठिक्कर पडलेले. या चकतीला आमच्या भाषेत पडदा म्हणतात. भाच्याकडून निम्मी रक्कम वसूल करून उरलेली मी प्रामाणिकपणे वहीत खर्ची टाकली: ‘ध्वनिक्षेपक दुरुस्ती, पडदे, नग २, बसवणावळीसह.’

गेल्या आठवड्यात हिशेबतपासनीस आले. ते सज्जन गृहस्थ आहेत. मंडळाच्या नोंदीतील अर्धी ओळ वाचण्याची त्यांना सवय आहे. मांडवाची छायाचित्रे त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिली.

“पडदे दोन. मंचाला तर एकही दिसत नाही.”

“आत आहेत,” मी म्हटले.

“कशाच्या आत?”

मी जिन्याकडे बोट दाखवले. त्यांनी अंधाऱ्या खोलीत डोकावून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि परत येऊन हिरव्या शाईने शेरा मारला: ‘प्रत्यक्ष पाहणीत पडदे आढळून आले नाहीत. खजिनदारांचा खुलासा मागवावा.’

मुदत पंधरा दिवसांची आहे. भाचा म्हणतो, “मामा, लेखी कशाला? त्यांना बोलवा, मी वाजवूनच दाखवतो.”