बोलीबहाद्दर

माणसाच्या तोंडच्या शब्दावर विसंबू नये, ही शिकवण जगाला देणाऱ्यांची नामावळी करताना आपण तत्त्वज्ञांची आणि संतांची नावे घेतो, आणि वन खात्याच्या आगारात टेबलामागे उभे राहून हर्रासाच्या अटी वाचून दाखवणाऱ्या कारकुनाला मात्र साफ विसरतो, हा त्या कारकुनावर मोठा अन्याय आहे. माझे वडील असे कारकून होते. आलापल्लीकडे सागवानाचा हर्रास असला, की ओळीने मांडलेल्या, शिक्क्याचा हातोडा बसलेल्या, अंगावर नंबर वागवणाऱ्या लठ्ठ्यांमधून नागपूरचे व्यापारी, चंद्रपूरचे आरागिरणीवाले आणि केवळ चहाच्या आशेने आलेले रिकामटेकडे हिंडत असत, आणि वडील खड्या आवाजात वाचू लागत: अनामत भरल्याखेरीज कोणासही बोली बोलता येणार नाही, बोली मंजूर होताच ठरावीक हिस्सा जागच्या जागी भरावा लागेल, बाकी रक्कम मुदतीत न आल्यास अनामत सरकारजमा होऊन माल पुन्हा हर्रासात निघेल, आणि त्यात येणारी तूट कसूरदाराकडून वसूल केली जाईल. मनुष्यस्वभावाचे इतके निर्मळ आकलन मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. त्या मजकुरात बोलीदाराला कोठेही लबाड म्हटलेले नाही. तो लबाड निघेल हे गृहीत धरून त्याच्याशी अत्यंत अदबीने वागण्याची तजवीज तेवढी केलेली आहे.

कायदेमंडळालाही ही दृष्टी होती. माल विक्री अधिनियम, १९३० याचे ६४ वे कलम लिलावाविषयी आहे, आणि निवृत्त शिक्षकाच्या दुपारी त्याच्याइतके करमणुकीचे वाचन दुसरे नाही. हातोडा पडेपर्यंत आपली बोली मागे घेण्याची मुभा बोलीदाराला आहे. मात्र विक्रेत्याने बोली बोलण्याचा हक्क अगोदर जाहीर न करता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली चढवली, तर खरेदीदाराला तो व्यवहार कपटाचा मानता येतो. मेव्हण्याला गर्दीत उभा करून भाव फुगवण्याची विद्या, म्हणजे, संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून राजमान्य नसली तरी राजज्ञात होती. त्याही मागे जायचे, तर रोमच्या पहारेकऱ्यांनी इ.स. १९३ मध्ये आपल्या सम्राटाचा वध करून साम्राज्यच बोलीवर काढले, आणि डिडिअस ज्युलिआनस नामक धनिकाने शिपायामागे २५ हजार नाण्यांची बोली देऊन ते पदरात पाडून घेतले. माल ताब्यात आला. परंतु ६६ दिवसांत खरेदीदाराचा शिरच्छेद झाला, आणि ‘न आवडल्यास सात दिवसांत परत’ ही सोय त्या व्यवहारात नसल्यामुळे दाद मागायला जागा राहिली नाही.

अशा या पुरातन व्यवसायाला १९९५ साली अमेरिकेत पिअर ओमिड्यार नावाच्या तरुणाने संगणकाच्या पडद्यावर आणून बसवले. पुढे ‘ईबे’ म्हणून विख्यात झालेल्या त्या बाजारात प्रथम विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता, आणि तो पावणेपंधरा डॉलरांच्या वर गेला. वस्तू मोडकी आहे हे आपल्याला समजले आहे ना, अशी विचारणा ओमिड्यारने केली तेव्हा, आपण मोडक्या लेझर पॉइंटरांचाच संग्रह करतो, असे उत्तर खरेदीदाराने दिले म्हणे. विक्रेता दोष आपण होऊन सांगतो आणि खरेदीदार पैसे देऊन मोकळा होतो, अशा सत्ययुगी शकुनावर ज्या धंद्याचा पाया पडला, त्यात अवघ्या काही महिन्यांत, १९९६ च्या फेब्रुवारीत, एकमेकांच्या वर्तनाविषयी शेरे नोंदवण्याचे दफ्तर उघडावे लागले. सत्ययुगाची मुदत तेवढीच होती. आपल्याकडे ‘बाझी’ नावाचे असेच दुकान निघाले, २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले, आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातले ते दुकानही उठले. बोलीदार मात्र उठले नाहीत. ते मोबाइलमध्ये स्थलांतरित झाले, आणि तेथून आमच्या चामोर्शीपर्यंत येऊन पोहोचले.

माझ्यापर्यंत ते एका कपाटाच्या निमित्ताने आले. वडिलांनी रीतसर पावती घेऊन खरेदी केलेल्या सागवानाचे, दोन फळ्यांच्या दारांचे, आतून अजून तेलाचा वास येणारे हे कपाट नव्या घराच्या जिन्यातून वर जाईना, तेव्हा मुलाने त्याचे छायाचित्र काढून, सर्वांत चढी बोली येईल त्यास देणे आहे, अशी जाहिरात मोबाइलवर दिली. जाहिरातीचा मसुदा मी केला होता. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहून जे सागवान रवाना झाले, त्याच मुलखातले हे लाकूड असल्याचे मी त्यात नमूद केले होते. मुलाने ते वाक्य काढून ‘गुड कंडिशन’ असे लिहिले.

पहिल्या तासातच विचारणांचा पूर आला, आणि त्यांतील बहुतेकांचा आशय ‘आहे का?’ एवढाच होता. आहे, असे कळवल्यावर ते गृहस्थ पुन्हा बोलत नसत. कपाट या भूतलावर आहे एवढ्या ज्ञानानेच त्यांची तृप्ती होत असावी. दुसरा वर्ग ‘लास्ट किती?’ असे विचारणाऱ्यांचा. पहिली किंमत उच्चारण्यापूर्वीच शेवटची विचारणारा मनुष्य व्यवहारी की वेदान्ती, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. तिसरे जे बोली बोलत, ते आकडा मोठ्या उमेदीने चढवत नेत, मापे मागत, बिजागऱ्यांचा स्वतंत्र फोटो मागत, रविवारी टेंपो घेऊन निघतो म्हणत, आणि मग विचारत, ‘चामोर्शी नेमकी कुठे आली?’ वैनगंगा जशी मार्कंड्यापाशी येऊन उत्तरवाहिनी होते, तसे नागपूरचे गिऱ्हाईक आमच्या गावाचे नाव नकाशावर पाहताच उत्तरवाहिनी होते.

या साऱ्यांत एक तेवढा सुस्वभावी निघाला. गणवेशातील छायाचित्र, अस्खलित हिंदी, बदलीचा हुकूम नुकताच आलेला, आणि घासाघीस नाही! मागितली ती रक्कम मान्य. आमच्या तालुक्यात भाजी घेतानासुद्धा जो घासाघीस करत नाही त्याच्याकडे लोक वळून पाहतात. इथे तर न पाहिलेल्या कपाटासाठी पूर्ण दाम मोजायला एक मनुष्य सिद्ध झाला होता. त्याने एक क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करून पिन टाकताच पैसे आपल्या खात्यात येतील, असे आश्वासन दिले. आता यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे, ही गोष्ट बँकवाले कंठशोष करून सांगत आले आहेत. मी त्या वीरास कळवले की, वन खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे प्रथम अनामत जमा व्हावी. ती येताच पुढील कार्यवाही करण्यात येईल. त्यावर त्याने जी भाषा वापरली, तीवरून त्याची बदली कुठे व्हावी याविषयी माझे मत निश्चित झाले. अशा फसवणुकीची तक्रार करण्याचा सरकारी दूरध्वनी क्रमांक १९३० आहे, आणि माल विक्री अधिनियमाचे सालही १९३०; हा योगायोगच असावा, पण मला त्यात कोणा जुन्या कारकुनाचा हात दिसतो.

आमच्या शेजारच्या भाऊंची गत निराळी. त्यांच्यापाशी ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे, आणि तिला पाच लाखांची बोली आल्याचे त्यांना मोबाइलवर कळले. ‘गुरुजी, पोरीचं लग्न निघते जी यात,’ ते मला म्हणाले. ‘फक्त नोंदणीचे बाराशे भरा म्हणते.’ जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि त्यांवर आपण कसलेही शुल्क घेत नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच केला होता, तो मी त्यांना वाचून दाखवला. तो त्यांनी शांतपणे ऐकला आणि, रिझर्व्ह बँकेचाच या नोटेवर डोळा दिसतो, असा निष्कर्ष काढला. बाराशे मात्र भरले नाहीत. पाच लाखांतून बाराशे कापून उरलेले पाठवा, असा निरोप दिला, आणि समोरचा मनुष्य ते का करत नाही याचे त्यांना आजही मनापासून नवल वाटते.

हे सारे हसण्यावारी नेता येते, कारण कपाट आणखी वर्षभर उभे राहिले तरी सडत नाही. तेंदूपत्त्याचे तसे नाही. १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे या जिल्ह्यातील कितीतरी ग्रामसभा आपला पाला स्वतः विकतात. उन्हाळ्यातले मोजके दिवस तो तोडण्याजोगा असतो; माणसे उजाडण्यापूर्वी रानात जातात, घरी येऊन ७० पानांचे एकेक पुडके बांधतात, ती पुडकी फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन ओळीने वाळत घालतात, आणि अशा हजार पुडक्यांची एक गोणी धरली जाते. ठेकेदाराने भरमसाट बोली बोलून ठेवली आणि बाजार उतरताच करारनाम्यावर सही करायला तो फिरकलाच नाही, किंवा पाला उचलून नेल्यावर शेवटचा हप्ता थकवला, तर झाडावरचे पान पुढच्या हर्रासाची वाट पाहत कोवळे राहत नाही. अनामत जप्त होते, हे खरे. पण जप्त झालेल्या अनामतीत सबंध गावाची मे महिन्यातली मजुरी मावत नाही. ग्रामसभेच्या बैठकीत ठेकेदाराच्या नुसत्या आकड्याने न हुरळता, ‘आगाऊ किती देतो?’ हा प्रश्न आधी विचारणारी एखादी म्हातारी असते. तिला मी ६४ व्या कलमाहून अधिक मानतो.

कपाटाचे पुढे असे झाले की, मोबाइल न वापरणारा घोटकडचा एक शेतकरी ऐकीव माहितीवरून स्वतः आला, दारे उघडून मिटून पाहिली, बोटाच्या पेराने लाकूड ठोकले, नऊ हजारांत सौदा पक्का केला आणि पाचशे रुपये इसार माझ्या हातावर ठेवून, धान निघाले की बैलगाडी घेऊन येतो, असे म्हणून गेला. धान निघाले, विकले गेले, दुसरे पीक रानात उभे राहिले. तो आलेला नाही. इसार जप्त करून कपाट दुसऱ्यास द्यावे, तर मुदत लिहून घेतलेली नाही, आणि समोर बसून चहा प्यालेल्या माणसाला कसूरदार ठरवायला जीभ रेटत नाही. तेव्हा मी कपाटाच्या दारावर खडूने ‘विकले’ असे ठळक लिहून ते ओसरीवर ठेवले आहे. तेव्हापासून त्याला गिऱ्हाईक वाढले. परवाच एकजण रस्त्यावरून आत आला आणि अक्षरे वाचून झाल्यावर, मी बाराला घेतो, म्हणाला. मी वही काढली आणि नाव, गाव व अनामत विचारली.

‘नाव कशाला पाहिजे जी?’ तो म्हणाला, ‘आधी लास्ट किती ते सांगा.’