ताबापावती

वृद्धांच्या गाऱ्हाण्यांना आपल्या राज्यात कोणी विचारीत नाही, असा प्रवाद काही उतावळ्या मंडळींनी पसरविला आहे. तो सर्वस्वी निराधार असून, अशी दाद कशी लागते हे गेल्याच महिन्यात एका पोलीस ठाण्याच्या लाकडी बाकावर साडेतीन तास बसून प्रस्तुत लेखकाने स्वचक्षूंनी पाहिले आहे.

आमच्या शेजारच्या आजी, वय वर्षे 78. राहत्या जागेचे बक्षीसपत्र मुलाच्या नावे झाल्यावर त्यांची खाट आतल्या खोलीतून बैठकीत आणि बैठकीतून गॅलरीत सरकली. पेन्शनचे पासबुक मुलाच्या कपाटात सुरक्षित राहू लागले. आणि ते एकदा परत मागितले, त्याचे उत्तर त्यांच्या मनगटावर हिरवेनिळे उमटले. ते मनगट त्यांनी ठाण्यात पोहोचेपर्यंत पदराआड झाकून ठेवले होते, कारण वाटेत कोणी पाहिले तर लोक मुलाला नावे ठेवतील, अशी त्यांना धास्ती होती.

हवालदारसाहेबांचे वर्तन अत्यंत सौजन्याचे होते. त्यांनी चहा मागविला, पंखा वाढविला आणि ‘आजी, पोटचा पोरगा आहे तुमचा. घरचं आहे, घरातच मिटवा,’ असा उपदेशही विनामूल्य केला. तरीही आजी उठेनात, तेव्हा निरुपायाने त्यांनी अदखलपात्र गुन्ह्यांची वही उघडली. या वहीचे माहात्म्य असे, की तीत जे लिहिले जाते त्याचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमावाचून पोलिसांना करता येत नाही. म्हणजे नोंद झाल्याचे समाधान फिर्यादीस आणि तपास न करण्याचे समाधान ठाण्यास, अशी समसमान वाटणी तेथे आपोआपच होते. अखेरीस रिवाजाप्रमाणे संपर्कासाठी फोन नंबर विचारण्यात आला. आणि आजींनी, त्यांना एकच नंबर तोंडपाठ असल्यामुळे, तो सांगितला.

‘पोटगी न् जागेचं आमच्याकडे नाही, प्रांतसाहेबांकडे अर्ज करा,’ असे आम्हांस बजावून हवालदारसाहेब फोनकडे वळले. मिळालेल्या अवकाशात आम्ही आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 याचे मनन केले. हा कायदा इतका दयाळू आहे, की त्यात वृद्धाने स्वतः अर्ज केला पाहिजे असेही नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणास करता येतो, आणि प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणास तर आपण होऊन दखल घेण्याचा अधिकार आहे, जो बहुधा कोणीतरी अर्ज केल्यानंतरच आठवतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये. निकालाची मुदत 90 दिवस, आणि अपवादात्मक कारणे लेखी नोंदविल्यास आणखी 30. मात्र हे दिवस मोजावयाचे ते अर्जाच्या तारखेपासून नव्हेत, तर विरुद्ध पक्षास नोटीस बजावल्यापासून. आता ज्या मुलाच्या उंबऱ्याआड आई चोवीस तास दृष्टीस पडते, तोच मुलगा शिपाई आला की ‘घरी आढळून आला नाही’ या शेऱ्यात अंतर्धान पावतो. आणि नोटीस बजावलीच नाही, तर मुदत सुरूच झाली नाही, आणि मुदत सुरू झाली नाही, तर दफ्तरी विलंब झाला असे कोण म्हणेल?

जागेचे म्हणाल, तर कलम 23 आहेच. जागा देताना ‘माझा सांभाळ करशील’ अशी अट घातलेली असून ती मोडली, तर हस्तांतरण रद्द होऊ शकते. या कलमाचा अर्थ उदारपणे लावावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजाविले आहे खरे. पण आजींच्या बक्षीसपत्रात केवळ ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ एवढाच मजकूर आहे. मुलाला जन्म देताना ज्या बाईने अट घातली नाही, तिने दुय्यम निबंधकासमोर ती घालावी, ही दूरदृष्टी तिला कोठून यावी?

इतक्यात चिरंजीव हजर झाले. दोन वाक्यांचे समुपदेशन झाले, ‘आई आहे, जरा सांभाळून घ्या,’ आणि एका कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले: ‘माझी आई सुखरूप ताब्यात मिळाली. काही तक्रार नाही.’ चोरीचा मुद्देमाल मालकास परत देतानाची रीत आम्ही पूर्वी पाहिलेली होती; ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच इसमास फिर्यादीच परत करण्याची रीत प्रथमच पाहिली. आजींचे मनगट तोवर पुन्हा पदराआड गेले असल्यामुळे ‘सुखरूप’ या शब्दास हरकत घेण्यास कोणासही जागा उरली नव्हती. साक्षीदार म्हणून खाली सही आम्ही केली.