हवामानावर खापर फोडणाऱ्या मोहीमप्रमुखांस

मा. मोहीमप्रमुख यांस,


झांस्करमधल्या त्या बिननावाच्या सहाहजारी शिखराला अजून माणसाचा पाय लागलेला नाही. तो यापुढेही लागू नये म्हणून आपण जे अपार कष्ट घेतलेत, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. हिमालयाचं एवढं रक्षण सरकारलाही जमलं नसतं.

काय ते नियोजन! टी-शर्टाच्या निळ्या छटेवर बैठकांमागून बैठका. माथ्यावर कोणत्या प्रायोजकाचा बॅनर आधी धरायचा, याचा तक्ता. शिखराला एका नगरसेवकाच्या वडिलांचं नाव द्यायचं, हेही चहा पिता पिता ठरलं. राहता राहिली वाट. ती आपण गूगल अर्थवर माउस फिरवून पाच मिनिटांत काढून दाखवलीत.

पडद्यावर हिमनदी गुळगुळीत दिसते हो. तिच्या तोंडाशी तिनंच आणून पसरलेले मोरेनचे हलते धोंडे तिथे दिसत नाहीत. त्यांच्यावरून दिवसभर तोल सांभाळत चाललं तरी पदरी पडतात दोन-तीन किलोमीटर. दुपारचा ओढाही दिसत नाही. उन्हानं बर्फ वितळलं की सकाळचं गुडघाभर पाणी संध्याकाळी छातीला लागतं, म्हणून तिकडची माणसं पहाटे पाण्यात उतरतात. आपल्या वेळापत्रकात मात्र सगळे ओढे जेवणानंतर होते.

आणि घोडी? ऑगस्ट संपता संपता झांस्करमध्ये जवाची कापणी असते, अख्खं गाव शेतात असतं. हे तिथल्या कुणालाही एक फोन करून कळलं असतं. एक घोडं साठेक किलो उचलतं. आपण शिधा ग्रॅमपर्यंत मोजलात, घोडी मोजायचीच राहिली. पाच हजार मीटरवर पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. वजन वाचवायला कुकर पुण्यातच ठेवलात. बॅनर तेवढे सुखरूप पोचले. गॅसचे कॅनिस्टर तर विमानतळावरच काढून घेतले. ते विमानात नेता येत नाहीत, ही गुप्त माहिती फक्त सगळ्या जगालाच ठाऊक होती.

तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हे गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेलं कुठलंही पोर सांगेल. आपल्या मते विश्रांतीचा दिवस म्हणजे वाया गेलेली रजा. मनालीहून गाड्या थेट शिंकू ला ही खिंड ओलांडून झांस्करमधल्या पदुमला. रात्री दोघं ओकून ओकून हैराण, आणि आपण खिन्न : सिंहगड चाळीस मिनिटांत चढणाऱ्या मुलांना असं होतंच कसं?

वाट अशीही शोधतात : 1934 साली गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि बिल टिलमन तीन शेर्पांना घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या गाभाऱ्यात शिरले. त्याआधी त्या घळीनं भल्याभल्यांना माघारी धाडलं होतं. यांच्याकडे पैसा बेताचा, सामान त्याहून बेताचं. शिखर चढूनच परतायचं, असा पण करून ते गेलेच नव्हते. वाट सापडली, हीच त्यांची मोहीम. नंदादेवीच्या माथ्यावर टिलमन आणि त्यांचे सोबती ओडेल पोचले ते दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1936 रोजी. आपल्या प्रायोजकांनी अशा माणसांना दारातसुद्धा उभं केलं नसतं.

परतल्यावर आपण पेपरात छापून आणलंत : ‘प्रतिकूल हवामानामुळे मोहीम स्थगित’. आम्ही पहिल्या ओढ्याच्या अलीकडे घोड्यांची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा आभाळ इतकं निरभ्र होतं की नाकाची सालं निघाली. हवामानाला बोलता येत नाही, हे आपण बरोबर हेरलंत.

एकच विनंती. शेवटी जो घोडेवाला कापणी सोडून आला, त्याची खोटी झालेल्या दिवसांची मजुरी अजून बाकी आहे. त्याचा फोन दर रविवारी मला येतो. येत्या रविवारी आपला नंबर देतो आहे.

कळावे. लोभ नसला तरी चालेल, मजुरी पोचावी.

आपल्याच मोहिमेतला एक हमाल