तात्यांचं चक्र

एखादी वस्तू झिजली हे मान्य करायला काही माणसांना पंचांचा निकाल लागतो. तात्यांना तोही पुरत नाही. मळवलीला लोकलमधून उतरून भाजे लेण्यांच्या वाटेला लागलात आणि झाडं कापायचं मशीन कुठंतरी कण्हताना ऐकू आलं, तर ते तात्यांचं समजावं. बाकीच्यांची मशिनं गुरगुरतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. मावळात झाडं रस्त्यांवर, पत्र्यांवर आडवी झाली आणि कुऱ्हाडी कमी पडल्या. त्याच पावसाळ्यात तात्यांनी अठ्ठावन्न सीसीचा चायना चेनसॉ घेतला. तेव्हापासून पडकी झाडं आणि बंगलेवाल्यांच्या फांद्या हा त्यांचा जोडधंदा. उभ्या आंब्या-जांभळाला मात्र ते कागदाशिवाय हात लावत नाहीत. वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा त्यांना तोंडपाठ आहे. दंड म्हणजे खर्च, आणि खर्च म्हणजे तात्यांचा पूर्वजन्मीचा वैरी.

तर या मशिनात क्लच ड्रमला सात दातांचं छोटं चक्र असतं. साखळी त्याच्यावरच पळते. साखळीच्या खालच्या कड्या दातांवर घासतात आणि हळूहळू खाच पडते. खाच अर्धा मिलिमीटर खोल गेली की चक्र बदलायचं. गेज नसेल तर दातावरून नख फिरवायचं. अडकलं, तर वेळ झाली. तात्या ही परीक्षा मोठ्या प्रामाणिकपणे घेतात. पण जन्मभर भातखाचरात राबलेल्या त्या बोटांना नखं अशी उरलेलीच नाहीत, त्यामुळे चक्र दर वेळी पहिल्या वर्गात पास होतं.

“चालतंय की. कुटं अडकतंय?”

मेकॅनिक लोकांचा साधा हिशोब असतो: दोन साखळ्या आलटून-पालटून वापराव्यात आणि त्या संपल्या की त्यांच्याबरोबर चक्रही टाकावं. तात्यांनी यातलं निम्मंच उचललं. साखळ्या ते टाकतात. खाचा पडलेल्या दातांवर नवी कोरी साखळी चढवली की ती हिसके खाते, घटकेत सैल पडते आणि मुदतीआधीच बाद होते. तात्या मग साखळीवाल्याला शिव्या घालतात. “आताच्या मालात राम नाय,” म्हणत नवी आणतात. त्या पैशात किती चक्रं आली असती हे काकूंनी एकदा बोटांवर मोजायला घेतलं होतं. तात्या म्हणाले, “साखळी खपाची वस्तू हाय. चक्र म्हंजे इस्टेट.”

शेवटी साखळी मशिनाच्या पात्यावरून उतरायलाच लागली, तेव्हा कुठे तात्या हलले. पण दुकानात? छे. आधी कामशेतच्या लेथवाल्याकडं. म्हणे, दातांवर वेल्डिंगचा भर टाकून तासून दे. त्यानं हसत दिलं. दातांचं पाणी उतरलं ते उतरलंच. पहिल्याच बाभळीला ते मेणासारखे बसले. मग रविवारची लोकल धरून पुण्याचा जुना बाजार. जुनं चक्र रुमालात बांधून, सोयरीक जमवायला निघावं तशा थाटात.

तात्यांच्या खरेदीत भाव आधी, वस्तू मागून. त्यांनी सात दात मोजले, घासाघीस केली आणि जग जिंकून परत आले. चक्र मात्र साखळीला बसेना. सात दात दोन्हीकडं असले तरी पिच वेगळा. साखळीच्या लागोपाठ तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं केलं की पिच मिळतो. तात्यांची साखळी पॉइंट तीनशे पंचवीस इंचाची, आणलेलं चक्र तीन-अष्टमांश इंचाचं. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. “एवढ्याश्यानं काय हुतंय? घासून बसंल,” हा त्यांचा निकाल. मोटारसायकलच्या गॅरेजमधल्या पोरानं हात जोडले तेव्हा तो तहकूब झाला.

त्याच पोरानं त्यांना सांगितलं की काही मशिनांना वेगळी निघणारी रिंग असते, झिजली की तेवढीच बदलायची, ड्रम तसाच राहतो, काम स्वस्तात होतं. तात्यांच्या मशिनाला चक्र ड्रमलाच जडलेलं. आख्खा ड्रम घ्यायचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहवेना. त्यात क्लचचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेनं फिरवून सोडवायचे. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडवायचा, हे त्यांना नीट जमलं. गोठ्यातली दोरी फुकट होती ना. आटे मात्र दर खेपेला ते आधी सवयीनं आवळायचेच.

मी एकदा डिवचलं, “तात्या, बदला की आता.”

त्यांनी लेण्यांकडं बोट केलं. “त्या चैत्याच्या छताला लाकडं हायत. दोन हजार वर्सं. कुनी बदलली?”

“पण तो डोंगर कोरताना छिन्नी किती वेळा शेवटून आणली असेल?”

तात्या विचारात पडले. मग म्हणाले, “राजाच्या खर्चानं आनली आसंल.”

दिवाळीनंतर मात्र अघटित घडलं. पिच जुळणारा ड्रम, बेअरिंगसकट, तात्यांनी चक्क सांगितलेल्या भावात घेतला. गॅरेजच्या पोरानं पेढे मागितले. चार दिवसांनी पाहतो तर मशीन पूर्वीसारखंच कण्हतंय.

“तात्या, नवा ड्रम?”

“ट्रंकेत. काकूच्या शालूखाली.”

“बसवला नाहीत?”

“येडा का काय तू? येवढा म्हागाचा माल, साखळी घालून झिजवू व्हय?”